पहाटेची थरथर आणि सकाळी नऊचे रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३८, शाळेत शिक्षिका आहे. गेले तीन महिने सकाळी जाग आली की अंग आतून थरथरतं. हात बाहेरून फारसे हलताना दिसत नाहीत, पण छातीत धडधडतं, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबतं. उपाशीपोटीची शुगर ९२, थायरॉईडचा टीएसएच २.१, ईसीजी नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.८. ताप नाही, दुसरं कुठलं औषध चालू नाही. झोप लागत नाही म्हणून अधूनमधून झोपेची अर्धी गोळी घेते. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका. पण मग हे होतं कशामुळे?"

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. त्याकडे मी येणार आहे, पण आधी बाकीचं.

तालुक्याच्या गावी मी २७ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो आहे. "सकाळी अंग थरथरतं" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं आणि त्याचा अर्थ दर वेळी वेगळा निघतो. म्हणून मी पेशंटला सांगतो, कसं होतं ते करून दाखवा. सुरुवातीला लोक लाजतात, मग दाखवतात. कुणी दोन्ही तळवे पुढे धरून बोटं बारीक हलवतो. कुणी खांद्यातून एकदम हात उडवतो, जणू विजेचा शॉक बसला. कुणी दातावर दात आपटून दाखवतो. आणि कुणी काहीच हलवत नाही, फक्त छातीवर हात ठेवून म्हणतो, "डॉक्टर, आत मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखं होतं." कापरं, झटका, हुडहुडी आणि धडधड असे हे चार वेगळे प्रकार झाले. चौघेही केसपेपरवर "थरथर" म्हणूनच येतात आणि चौघांनाही त्याच त्या रक्ततपासण्या लिहून दिल्या जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. थरथर येते साडेपाचला, लॅब उघडते आठला आणि तुमच्या दंडातून रक्त काढलं जातं नऊला. नऊचं रक्त साडेपाचला काय चाललं होतं ते सांगेलच असं नाही. थायरॉईडला याचा फरक पडत नाही, तो आजार सकाळी येऊन दुपारी जात नाही. शुगरला मात्र फार पडतो.

माझ्याकडे ७१ वर्षांचे एक आजोबा यायचे. पहाटे चारच्या सुमारास उठून बसायचे, हात कापायचे, बनियन पिळून काढावं इतका घाम. घरच्यांना वाटायचं, स्वप्न पडतंय. सूनबाईंनी दोनदा दृष्टही काढली होती. सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटीची शुगर १६८ यायची, म्हणजे वाढलेलीच, म्हणून कुणीतरी डायबेटिसची गोळी आणखी वाढवून दिली होती. आजोबांची किडनी मंदावलेली, गोळी ग्लिमेपिराइडची, आणि चातुर्मासात ते एकभुक्त राहायचे. संध्याकाळचं जेवण बंद, गोळी मात्र दोन्ही वेळची चालू. मी त्यांच्या नातवाला ग्लुकोमीटर दिला आणि सांगितलं, आजोबा उठून बसले की आधी बोट टोच, बाकी सगळं मागाहून. तिसऱ्या रात्री आकडा आला ५२. शरीराने स्वतःच ॲड्रेनलिन सोडून, लिव्हरमधली साखर बाहेर काढून त्यांना सावरलेलं असायचं, आणि सकाळी लॅबला त्या सावरासावरीची वाढलेली शुगर मिळायची. गोळी बदलली, थरथर गेली.

डायबेटिस असलेल्या वाचकांसाठी इथे जरा थांबतो. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची, ५४ च्या खाली गेली की धोक्याची. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या पहाटे शुगर पाडू शकतात. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. शुगर कमी आली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बिस्किटं त्यानंतर, कारण ती पोटात विरघळून रक्तात यायला वेळ घेतात. आणि हे फारसं कुणी सांगत नाही: तुमच्या गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज असेल (आपल्याकडच्या "तीन औषधं एकत्र" गोळ्यांमध्ये वोग्लिबोज सर्रास असतं), तर घरातली साखर उपयोगाला उशिरा येते. साखरेचे तुकडे पाडणारं एन्झाइमच ती गोळी अडवते. अशा घरात मेडिकलमधली ग्लुकोजची पावडर उशाशी असलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्यांमुळे शुगर पडली असेल तर एकदा सावरली म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याच दिवशी पुन्हा पडू शकते. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोल घेणाऱ्यांना तर थरथर आणि धडधड जाणवणारच नाही कदाचित, नुसता घाम येईल.

तुम्हाला डायबेटिस नाही. धडधाकट माणसाची शुगर रात्रभराच्या उपासाने इतकी खाली जात नाही, लिव्हर तेवढी शिदोरी बाळगून असतं. "शुगर कमी झाली असेल, साखर खा" हा सल्ला आपल्याकडे शेजारणीपासून कंडक्टरपर्यंत सगळे देतात. डायबेटिसचं औषध नसेल तर तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अपवाद आहेत. उपाशीपोटी भरपूर दारू पिऊन झोपलेल्या माणसाची शुगर पहाटे खरोखर पडते. स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठही कारण असू शकते, पण ती अगदी दुर्मीळ. एवढी शंका असेल तर ओळखीच्या कुणाचा ग्लुकोमीटर आठवडाभर उशाशी ठेवा, सुई मात्र स्वतःची, आणि थरथर चालू असतानाच मोजा. दोन-तीनदा ८०-९० आलं की तो विषय संपला.

आता झटक्यांबद्दल, कारण ते सांगायचे राहून जातात. बारावीच्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आला तो मोठी फिट येऊन गेल्यावर. रात्री एकपर्यंत अभ्यास, चारला पुन्हा उठून बसलेला, सहाला अंघोळीला जाताना कोसळला. फिटची तपासणी झाली, मेंदूचा एमआरआय स्वच्छ. मी आईला विचारलं, "सकाळी याच्या हातातून वस्तू पडतात का?" आई म्हणाली, "पडतात? अहो, फेकतो! ब्रश उडतो, परवा दुधाचा पेला भिंतीवर. मी रोज ओरडते, धांदरट म्हणून." मुलगा खाली मान घालून बसलेला. वर्षभर त्याचे हात सकाळी उठल्यावर खांद्यातून उडत होते, पूर्ण शुद्धीत, आणि आपण वेंधळे आहोत असंच त्यालाही वाटत होतं.

या आजाराचं नाव ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. १९५७ साली जर्मन न्यूरॉलॉजिस्ट डीटर यान्झ यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला यान्झचा आजार असंही म्हणतात. सुरुवात साधारण १२ ते १८ या वयात. झटके उठल्यानंतरच्या अर्ध्या-एक तासात येतात आणि जागरण झालं की वाढतात. शुद्ध जात नसल्यामुळे त्याला "फिट" म्हणावं असं कुणाच्याच डोक्यात येत नाही. एमआरआय नॉर्मलच असतो, कारण मेंदूची रचना ठीक असते, बिघाड त्याच्या विजेत असतो. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, तो दिसू शकतो, जागरण करून काढलेल्या ईईजीत जास्त. हे ओळखणं एवढ्यासाठी गरजेचं की फिटसाठी दिली जाणारी कार्बामॅझेपीनसारखी काही औषधं या आजारात झटके वाढवतात. व्हॅल्प्रोएट उत्तम चालतं, पण गर्भातल्या बाळाला ते घातक असल्याने मुलींमध्ये शक्यतो टाळलं जातं आणि लेव्हेटिरॅसिटामसारखं दुसरं औषध निवडतात. घरात सकाळी कपबशा फोडणारं सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल तर ओरडण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.

ताई, हा तुमचा आजार नाही. तुमचे हात उडत नाहीत आणि तुमचं वयही ते नाही. झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखं दचकणं हेही वेगळं. ते झोपेच्या दारात होतं, जाग येताना नाही. ते बहुतेकांना कधी ना कधी होतं आणि त्यात काही नसतं.

बाकी कारणं भरभर सांगतो. थंडी वाजून, दात वाजून, दोन गोधड्या घेऊनही न थांबणारी हुडहुडी म्हणजे ताप चढतोय. मलेरिया असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, म्हाताऱ्या माणसात तर तापाचा आकडा दिसण्याआधी हुडहुडीच दिसते. अशा वेळी थर्मामीटर एकदा लावून भागत नाही, तासाभराने पुन्हा लावावा. घोरणारा, झोपेत श्वास अडकून गुदमरत उठणारा जाडसर माणूस धडधडत आणि घामाघूम होऊन जागा होतो, सकाळी डोकं जड असतं. त्याची झोपेची तपासणी करावी. प्रोस्टेटची किंवा बीपीची गोळी घेणारे आजोबा पहाटे लघवीला उठतात, उभे राहिल्यावर बीपी पडतं, कोसळतात आणि दोन-चार झटकेही देतात. ती फिट नसते, रक्तदाब पडल्याची चक्कर असते, आणि शुद्धीवर आल्यावर लगेच ते नीट बोलू लागतात. याउलट वयस्क माणूस उभा राहिला की एकच हात किंवा एकच पाय दर वेळी थरथरत असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीची डॉपलर तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. मेंदूला रक्त कमी पडल्याचा तो इशारा असू शकतो. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, झोपेत शांत असतो आणि जाग आल्यावर परततो, पण तो पंधरा मिनिटांत जात नाही, दिवसभर सोबत करतो.

थायरॉईड वाढलेला असला की पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद फडफडतो. मी अजूनही केसपेपरचाच कागद पेशंटच्या बोटांवर ठेवून बघतो. हात थोडा तर सगळ्यांचाच हलतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा, फक्त दिसत नाही. भीती, चहा-कॉफी, दम्याचा पंप, थायरॉईडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, यांनी तोच कंप दिसायला लागतो. तुमचा टीएसएच नीट आहे आणि तुमची थरथर चहाच्या आधी येते, म्हणून यातलं काही तुम्हाला लागू होत नाही.

उरली दारू. तुम्ही घेत असाल असं मी सुचवत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात ती आहे. रोज पिणाऱ्याचं रक्त पहाटेपर्यंत कोरडं होत आलेलं असतं, शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात. सकाळी एक घोट घेतला की हात थांबतो हीच त्याची खूण. दर वर्षी गटारी झाली की श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे असे पेशंट येतात: देवाधर्मासाठी एका रात्रीत बाटली सोडलेली, दुसऱ्या दिवशी कापरं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागलेले. घरचे म्हणतात, बाहेरचं काही झालं. बाहेरचं नसतं, आतून दारू गेल्याचं असतं. या अवस्थेत फिट येऊ शकते, उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. दारू जरूर सोडावी, पण रोजच्या पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या हाताखाली सोडावी.

हे सगळं दारूवर सांगितलं त्याला कारण आहे. मेंदूत दारू ज्या ठिकाणी काम करते, जवळपास त्याच ठिकाणी झोपेच्या बऱ्याच गोळ्या काम करतात. आपल्याकडे "झोपेची अर्धी" म्हटलं की दहातल्या सात वेळा पट्टी निघते अल्प्राझोलामची (हा माझ्या टेबलावरचा अंदाज, कुठली पाहणी नव्हे). ही गोळी लवकर चढते आणि लवकर उतरते, सरासरी अकरा तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. रात्री दहाला घेतली तर पहाटेपर्यंत डोस ओसरू लागलेला असतो. मेंदूला तिची सवय लागली असेल तर नेमक्या त्या वेळी तो उसळी मारतो: धडधड, आतली थरथर, पोटात खड्डा, विनाकारण भीती. माणसाला वाटतं आपली चिंता वाढली. मग तो आज अर्ध्याची पाऊण करतो.

त्यात शरीराची आपली सकाळची तयारी असतेच. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक तसंही उसळतं, हे बहुतेकांत होतं. ज्याच्या मनावर आधीच ओझं आहे त्याला ती उसळी धडधडीसारखी जाणवते. म्हणून गोळी न घेणाऱ्या चिंताग्रस्त माणसालाही सकाळच सगळ्यात वाईट जाते आणि दहा वाजता शाळेत गेल्यावर तो बराचसा ठीक असतो. तुमच्या डॉक्टरांचं "टेन्शन" हे निदान सपशेल चूक नाही. पण "टेन्शन घेऊ नका" हा काही उपचार नव्हे. चिंतेचा आजार असेल तर त्याला समुपदेशन आहे, रोज घ्यायची आणि सवय न लावणारी औषधं आहेत, आणि ती सहसा दोन-चार आठवड्यांनी लागू पडतात. आत थरथर होते आणि बाहेर दिसत नाही, याचा अर्थ तुम्ही ती रचून सांगताय असा होत नाही.

तुमच्या बाबतीत गोळी की चिंता, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. ते तुम्ही ठरवू शकता, तीन आठवड्यांत. वहीचं एक पान घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: काल गोळी घेतली का आणि किती वाजता, रात्री किती वाजता झोप लागली, सकाळी थरथर किती मिनिटं, आणि त्या दिवशी शाळा होती की सुट्टी. थरथर गोळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळीच येत असेल तर संशय गोळीवर. रविवारी येत नसेल आणि सोमवारी हमखास येत असेल तर गोळीपेक्षा शाळेबद्दल बोलायला हवं. कॉफी दुपारी तीननंतर बंद ठेवा, नाहीतर वहीतलं काहीच कळणार नाही.

वही चालू असताना गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, वाढवूही नका. रोज घेत असाल आणि महिनोन्महिने घेत असाल तर अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते. ती कमी करतात आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी, डॉक्टरांना सांगून. अल्प्राझोलाम औषध नियमांच्या एच-वन परिशिष्टात आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि दिल्याची नोंद दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची, असा नियम २०१४ पासून लागू आहे. गल्लीतलं मेडिकल ती चिठ्ठी न बघता देत असेल तर तो तुमच्यावर केलेला उपकार नाही.

आणखी एक. हिमोग्लोबिन १०.८ हे नॉर्मल नाही. बाईच्या रक्तात १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, मग रिपोर्टवर ठळक अक्षरं असोत वा नसोत. त्याने जरा हालचाल केली की धडधडतं, आणि लोह कमी असेल तर रात्री पाय अस्वस्थ होऊन झोपेची वाट लागते. झोप लागत नाही म्हणून गोळी सुरू झाली, आणि झोप न लागण्याचं एक कारण लोह असू शकतं, हे कुणी तपासलं नाही असं दिसतं. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि बी-ट्वेल्व्ह करून घ्या, शाकाहारी असाल तर बी-ट्वेल्व्ह नक्कीच. पाळीत रक्त जास्त जातं का तेही डॉक्टरांना सांगा, विचारलं नाही तरी.

थांबायचं कधी नाही तेही सांगतो. थरथरताना शुद्ध हरपली, जीभ चावली, अंथरूण ओलं झालं, नंतर बराच वेळ गोंधळल्यासारखं वाटलं, एकच बाजू हलली, छातीत दुखलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर वहीबिही नको, त्याच दिवशी दाखवा. घरात कुणाला फिट आली तर कांदा, चप्पल, किल्ली काही नको आणि दातांत चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

पुढच्या भेटीला जाताना वही न्या आणि गोळीची पट्टीही न्या, रिकामी असली तरी. "अधूनमधून" म्हणजे किती हे मी पेशंटला कधीच विचारत नाही, उत्तर नेहमी कमीच येतं. मी विचारतो, दहाची पट्टी किती दिवसांत संपते. तुमची किती दिवसांत संपते ते आजच मोजून ठेवा.